मस्कीसाठी ट्रोलिंगचं रीळ: सातपूरच्या एका टूलरूमवाल्याचा सल्ला

रविवारी रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. तिकडे डेट्रॉइटला दुपारचे दोन. "मामा, दुकानात उभा आहे. काचेच्या कपाटात मासेमारीची चौदा रिळं आहेत. विक्रेता म्हणतो सगळी मस्की माशाला चालतात. कुठलं घेऊ?" मी म्हटलं, "आज काहीच घेऊ नकोस. बाहेर ये, गाडीत बस, मग बोलू." त्या रात्री दीड तास बोललो आणि नंतरच्या दोन वर्षांत त्याच विषयावर पन्नास वेळा तरी. डेट्रॉइट, मिलवॉकी, मिनिआपोलिस या भागात आपली बरीच मुलं आहेत. त्यातली काही आता होडी घेऊन तळ्यावर जायला लागली आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. रीळ म्हणजे रॉडला, म्हणजे गळाच्या काठीला, लावायची दोरी गुंडाळणारी चरखी.

माझी चौतीस वर्षं सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये गेली. गिअर, बेअरिंग, बुश, कीवे हाच रोजचा संसार. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर लहानपणी काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, बांधून गळ टाकायचो, ते अजून सुटलेलं नाही. निवृत्त झाल्यावर सिडकोतल्या घराच्या गॅलरीत रिळं दुरुस्त करायला बसलो. आजवर दोनशेच्या वर रिळं उघडली असतील. मस्कीचं ट्रोलिंग मात्र मी तिकडे जाऊनच शिकलो, २०२२ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या.

मस्की म्हणजे मस्केलंज, पाइकच्या घराण्यातला सगळ्यात मोठा मासा. तो उत्तर अमेरिकेतच सापडतो. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा ठरवलं. स्वभाव आपल्या मरळीचा: गवताच्या कडेला दबा धरायचा, भक्ष्य टप्प्यात आलं की एकदम झेप. फरक अंगाचा. सव्वा मीटर लांब मस्की मी स्वतः जाळीत पाहिला आहे आणि त्याच्या जबड्यात बोट घालायचं धाडस कुणीही करू नये. तिकडचे लोक त्याला दहा हजार वेळा फेकल्यावर मिळणारा मासा म्हणतात. म्हणून तर ट्रोलिंग करायचं. होडी चालू ठेवायची, मागे वीतभर-सव्वा वीतभर लांबीचे नकली मासे, म्हणजे ल्युअर, ओढत न्यायचे आणि जिथे एरवी दिवसभर फेकत बसावं लागतं तेवढं पाणी तासाभरात धुंडाळायचं.

भाचा जातो ते सेंट क्लेअर तळं. मिशिगन आणि कॅनडातल्या ऑन्टारिओच्या मधोमध. वरून सेंट क्लेअर नदीने ह्युरॉन सरोवराचं पाणी येतं, खालून डेट्रॉइट नदीने ते ईरी सरोवरात जातं. पसारा सुमारे १,११० चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर. एवढं अफाट तळं आणि इतकं उथळ, तळाशी गवतच गवत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

रीळ हातात नसतं

दुकानात माणूस रीळ हातात घेतो, हँडल गरागरा फिरवतो, "वा, काय मऊ फिरतंय" म्हणतो आणि पैसे मोजतो. फेकून मासेमारी करायची असेल तर ठीक आहे. ट्रोलिंगमध्ये रीळ दिवसाचे आठ-नऊ तास होडीच्या कडेला, रॉड होल्डरमध्ये उभं असतं. दोरी ताणलेली, ल्युअर थरथरत असलेला आणि होडी ताशी सहा ते आठ किलोमीटरने पळत असलेली. हातात येतं ते मासा लागल्यावरच, तेही पाच-सात मिनिटं. म्हणजे ताण घेऊन दिवसभर उभं कसं राहतं, यावर ट्रोलिंगचं रीळ पारखायचं. गिऱ्हाईक ज्या गोष्टीला भुलतं ती, म्हणजे हँडलचा मऊपणा, माझ्या यादीत सहावी-सातवी येते.

पहिला मान ड्रॅगचा, म्हणजे ओढ वाढली की दोरी दाबाखाली सोडणाऱ्या ब्रेकचा. दुसरा दोरी मोजणाऱ्या काउंटरचा. तिसरा उलट न फिरण्याच्या कुलपाचा, म्हणजे अँटी-रिव्हर्सचा. बाकी सगळं त्यानंतर.

ड्रॅग

आमच्याकडे येवल्याला संक्रांतीत पतंग आसारीवर उडवतात. बांबूच्या कामट्यांची, मधे दांडा असलेली ती फिरकी ज्याने हातात धरली आहे त्याला ड्रॅग समजावून सांगावा लागत नाही. वारा आला की आसारी बोटांमधून निसटू द्यायची, पण निसटताना हाताचा दाब कायम ठेवायचा. दाब एकदम सोडला तर मांजा गुंततो, एकदम आवळला तर तुटतो. रिळातला ड्रॅग म्हणजे तोच हात. दोरी ज्यावर गुंडाळतात तो स्पूल. त्याला फिरवणाऱ्या, हँडलच्या दांड्यावरच्या मोठ्या गिअरमध्ये चकत्यांची चळत असते, एक धातूची, एक कार्बन किंवा फेल्टची, पुन्हा धातूची. बाहेरचं ताऱ्याच्या आकाराचं चाक आवळलं की चळत दाबली जाते आणि दोरी सुटायला जास्त ओढ लागते.

मस्कीच्या ट्रोलिंगमध्ये हे इतकं महत्त्वाचं का? होडी सेकंदाला सव्वादोन मीटर पुढे चाललेली असते. दहा-पंधरा किलोचा मासा ल्युअरला आडवा धडकतो आणि तिथेच थांबतो. दोरी आजकाल सगळे विणलेली वापरतात, ८० पौंडाची, म्हणजे साधारण ३६ किलो ताण सोसणारी. ती जवळजवळ ताणतच नाही. आपला जुना तंगूस रबरासारखा लांबायचा, झटका निम्मा तोच खायचा. विणलेल्या दोरीत सगळा झटका रॉड आणि ड्रॅगवर येतो. ड्रॅगने त्या क्षणी बिनतक्रार सोडलं नाही तर दोरी तुटणार नाही, तुटेल माशाचा ओठ, किंवा गळ सरळ होईल. दोन्हीत मासा गेला, आणि पहिल्यात तो जखमी होऊन गेला.

ड्रॅगची खरी परीक्षा ताकदीची नसते. खोक्यावर वीस पौंड, पंचवीस पौंड असं छापलेलं असतं, त्याला फार भुलू नका, मस्कीला त्यातलं अर्धंही लागत नाही. खरी परीक्षा सुरुवातीच्या अडखळीची. थांबलेली चकती हलायला जास्त ओढ लागते, एकदा हलली की कमी लागते. हा फरक जितका लहान तितका ड्रॅग चांगला. कार्बनच्या चकत्यांत तो लहान असतो आणि तापल्यावरही त्या फारशा बदलत नाहीत. फेल्टच्या चकत्या नव्या असताना गोड चालतात, पण कोरड्या पडल्या किंवा चुरमडल्या की धक्के देतात.

ही परीक्षा घरी करता येते. आपला लटकता स्प्रिंगचा काटा घ्या, रद्दीवाल्याकडे असतो तसला. रॉडला रीळ लावा, दोरी कड्यांमधून काढून काट्याच्या आकड्याला बांधा. रॉड साधारण पंचेचाळीस अंशात धरा आणि दुसऱ्याला काटा हळूहळू मागे ओढायला सांगा. सुई चार किलोपर्यंत जाऊन दोरी सुटली आणि सुई एकदम तीनवर उतरली, तर ते रीळ परत ठेवा. चारवर सुटून पावणेचार-चारच्या आसपास स्थिर राहिली, तर ते घ्या. भाच्याच्या दोन रिळांवर आम्ही हेच केलं. एकाची सुई थरथरत पाऊण किलोने खाली आली. दुसऱ्याची अशी उभी राहिली की जणू चिकटवली आहे. किमतीत फरक होता, पण तुम्हाला वाटेल तेवढा नाही.

किती आवळायचं? मी ल्युअरची स्वतःची ओढ आधी मोजतो. आठ इंची, खोल जाणारा ल्युअर सेंट क्लेअरच्या वेगाला आमच्या काट्यावर दीड-दोन किलो दाखवत होता. ड्रॅग त्याच्या दुप्पट, म्हणजे साडेतीन-चार किलोवर ठेवला की ल्युअर स्वतःहून दोरी ओढत नाही, गवताचा पुंजका लागला तर रीळ कुरकुरून सांगतं आणि मासा लागला तर ढील मिळते. मासा हातात आल्यावर गरज वाटली तर थोडं आवळा. आधीच आवळून ठेवणं ही सगळ्यांची चूक. पहिल्या वर्षी ती मीही केली आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या वर्षातला एकमेव मोठा मस्की दोन सेकंदांत सुटला. ल्युअर वर आला तेव्हा मागच्या गळाचं एक टोक सरळ झालेलं होतं. ते मी अजून गॅलरीतल्या पत्र्याच्या डबीत ठेवलं आहे.

तारेसारखं चाक असलेला स्टार ड्रॅग की दांडीवाला लिव्हर ड्रॅग? मस्कीला स्टार ड्रॅग पुरतो. लिव्हर ड्रॅगची रिळं समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी असतात, जिथे मासा शेकडो मीटर दोरी नेतो. मस्की लांब पळणारा मासा नाही. तो डोकं झटकतो, होडीखाली घुसतो, उडी मारतो. म्हणून भली थोरली, तीनशे-चारशे मीटर दोरी मावणारी रिळंही नकोत. दीड-दोनशे मीटर दोरी पुष्कळ झाली, प्रत्यक्षात मागे सोडायची ती पंधरा-वीस फुटांपासून शंभर फुटांपर्यंत.

काउंटर

सेंट क्लेअरची खोली वर सांगितली ती इथे लागते. दहा-बारा फूट पाणी, त्यात खालून तीन-चार फूट गवत. ल्युअर गवताच्या डोक्यावरून, त्याला अगदी चाटून जायला हवा. एक फूट खाली गेला की गवत अडकून मेला, दोन फूट वर राहिला की मस्की ढुंकून बघत नाही. ल्युअर किती खोल जाईल हे वेगावर, त्याच्या तोंडाशी असलेल्या पट्टीच्या, म्हणजे ओठाच्या आकारावर, दोरीच्या जाडीवर आणि मुख्य म्हणजे मागे किती दोरी सोडली यावर ठरतं. चाळीस फुटांवर मासा लागला तर पुढच्या वेळी बरोबर चाळीसच सोडता आले पाहिजेत. अंदाजाने जमत नाही, त्यासाठी काउंटर.

काउंटर दोरी मोजत नाही हे फार जणांना माहीत नसतं. तो स्पूलचे फेरे मोजतो आणि स्पूल भरलेला आहे असं गृहीत धरून त्याचे फूट करतो. पुन्हा आसारी आठवा. भरलेल्या आसारीचा एक फेरा हातभर मांजा सोडतो, रिकामी होत आली की तोच फेरा वीतभर. स्पूलचा भरलेला व्यास पाच सेंटीमीटर धरला तर एका फेऱ्याला १५.७ सेंटीमीटर दोरी सुटते. तुम्ही कंजूषपणा करून स्पूल चार सेंटीमीटरपर्यंतच भरला तर फेऱ्याला १२.६ सुटेल. काउंटर शंभर फूट दाखवेल, मागे असतील ऐंशी. ड्रॅगही याच कारणाने बदलतो. पाच सेंटीमीटरवर चार किलोला सुटणारी दोरी चार सेंटीमीटरवर पाच किलोला सुटेल, कारण चकत्यांची पकड तीच आणि त्रिज्या लहान झालेली.

तेव्हा स्पूल काठापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून भरा. सगळा विणलेल्या दोरीने भरायची गरज नाही, महाग पडतं. खाली साधा तंगूस गुंडाळा, स्पूलच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, मग त्याला विणलेली दोरी जोडा. तळाशी तंगूस असण्याचा दुसरा फायदा असा की विणलेली दोरी गुळगुळीत स्पूलवर थेट बांधली तर ताणाखाली सगळा गुंडाच स्पूलवर फिरतो. तुम्हाला वाटतं ड्रॅग सैल झाला, तुम्ही आवळत जाता आणि काहीच फरक पडत नाही. दोरी गुंडाळताना ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणूनच घ्या. सैल गुंडाळली तर झटक्यात वरचा पदर खालच्यात रुततो.

मग तपासणी. आम्ही भाच्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोरीचं टोक खांबाला बांधलं, तीस मीटरची टेप जमिनीवर टाकली आणि शंभर फूट चालत गेलो. एका रिळाने ९८ दाखवले, दुसऱ्याने १०६. दुसऱ्यात अजून थोडा तंगूस घातला, ९९ वर आलं. अर्धा तास लागला. शेजारची एक आजी खिडकीतून बराच वेळ बघत होती, शेवटी खाली येऊन विचारून गेली. आकडा तंतोतंत शंभर यावा असा हट्ट नाही. सगळी रिळं सारखी चुकली तरी चालतात. एकावरचे चाळीस आणि दुसऱ्यावरचे चाळीस एकच असले पाहिजेत. म्हणून शक्य असेल तर सगळी रिळं एकाच मॉडेलची, एकाच दोरीने, एकाच दिवशी भरा. मिशिगनमध्ये एका माणसाला तीन दोऱ्या टाकता येतात, त्यामुळे दोघे गेले तरी रिळं लवकर वाढतात. तळ्याच्या कॅनडाच्या बाजूला गेलात तर ऑन्टारिओचा वेगळा परवाना लागतो, नियमही तिथले.

काउंटर घेताना आकडे दुरून, पोलरॉइड चष्म्यातून वाचता येतात का ते बघा. खिडकीत वाफ धरली असेल तर त्या रिळात पाणी शिरतं आहे. शून्यावर आणायची कळ एकदा दाबली की सगळी चाकं एकदम शून्यावर आली पाहिजेत. एखादं चाक नऊवर अडकत असेल तर आतला गिअर झिजला आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वीडनमध्ये स्वेंगस्टा गावात १९२१ साली एक घड्याळांचा कारखाना सुरू झाला. पुढे तो टॅक्सीचे मीटर बनवायला लागला. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीमीटरची मागणी आटली तेव्हा त्यांनी १९४१ मध्ये मासेमारीचं रीळ काढलं. तेच आजचं आबू. त्यांचं अँबॅसेडर रीळ १९५२ चं. एका गॅरेज सेलमध्ये मला त्याचा एक जुना मोठा नमुना मिळाला. उघडला तर आत पितळी मुख्य गिअर, दात अजून धारदार, कडा घड्याळजीने घासल्यासारख्या. ज्यांनी आयुष्यभर फेरे मोजायची यंत्रं बनवली त्यांच्या हातून असं काम होणारच, असं मला ते हातात धरून वाटलं.

उलट न फिरणं

ऑक्टोबरचा शेवट, पहाटे दोन अंश तापमान. भाच्याचं तिसरं रीळ फेकण्याचं होतं, बुटकं, हातात मावणारं, महागडं. त्याने तेही होल्डरमध्ये लावलं. वीस मिनिटांनी टक्क आवाज झाला आणि हँडल उलटं गरगर फिरायला लागलं. त्याने हात घातला आणि बोटांची सालं निघाली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ते उघडलं. सूनबाईने फक्त एवढंच विचारलं, "मामा, पोळ्या आधी की हे आधी?" आत उलट न फिरण्यासाठी एकच रोलर बेअरिंग होतं. सुईएवढे बारीक रोलर, प्रत्येकामागे केसासारखी स्प्रिंग. दांडा उलटा वळायला लागला की रोलर उतारात अडकून तो पकडतात. उतार जेमतेम दशांश मिलिमीटरचा. ते रीळ महिन्यापूर्वीच एका दुकानातून सर्व्हिसिंग करून आणलेलं आणि तिथे कुणीतरी त्या बेअरिंगमध्ये जाड ग्रीस ठासलं होतं. थंडीत ग्रीस घट्ट झालं, रोलर हलेनात, पकड सुटली. मी बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतलं, फुंकून वाळवलं, पातळ तेलाचा एक थेंब टाकला. नीट चालायला लागलं. तरी पुन्हा होल्डरमध्ये लावू दिलं नाही.

ट्रोलिंगसाठी दातेरी चाक आणि त्यात अडकणारा खटका असलेलं रीळ बघा. रहाटाला असतो तसाच खटका, कुट कुट वाजणारा. रोलर बेअरिंग सोबत असेल तर उत्तम, पण मागे खटका हवाच. दुकानात सोपी खूण: ड्रॅग पूर्ण आवळा, स्पूल अंगठ्याने धरा आणि हँडल जोरात उलटं दाबा. किंचितही घसरता कामा नये.

बाकीच्या गोष्टी

गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे किती फेरे, ४:१ ते ५:१ च्या आसपास असावा. आठ-दहा इंची ल्युअर पाण्यातून ओढून आणणं म्हणजे विहिरीतून भरलेली बादली काढणं. ६:१, ७:१ चं रीळ दहाव्या वेळी मनगट धरतं. अगदीच मंद रीळही नको, मस्की होडीकडे पोहत आला तर ढिली पडणारी दोरी भराभर गुंडाळता आली पाहिजे.

चौकट अॅल्युमिनियमची असेल तर बरं. प्लास्टिकसारख्या ग्रॅफाइटच्या चौकटी हलक्या आणि स्वस्त असतात, पण ताण आला की किंचित पिळवटतात. पिळवटली की पिनियन, म्हणजे छोटा गिअर, आणि मुख्य गिअर यांचे दात तिरके बसतात आणि नेमकं मासा लागल्यावर हँडल जड होतं. दुकानात दोन्ही हातांनी रीळ पिळून बघा, कडांमध्ये फट हलते का ते कळतं.

दोरी सारखी पसरवणारा लेव्हल वाइंड काउंटरच्या रिळांत असतोच. त्याचा आडवा स्क्रू आणि त्यातून सरकणारा छोटा खटका हाच सगळ्यात लवकर झिजणारा भाग. तो खटका सुटा विकत मिळतो का हे आधी विचारा. सुटे भाग मिळत नाहीत ते रीळ कितीही चांगलं असलं तरी मी घेऊ देत नाही.

दोरी सुटताना वाजणारा क्लिकर मोठ्याने वाजला पाहिजे. इंजिनचा आवाज, वारा, कानावर टोपी. कर्रर्र ऐकूच आलं नाही तर काय उपयोग? आतली जीभ प्लास्टिकची असेल तर एका मोसमात गोल होते. हँडलची मूठ मोठी, हातमोज्यात धरता येईल अशी घ्या. डावखुरे असाल तर डाव्या हाताचं मॉडेल मागा, ही रिळं बहुतेक उजव्याच हाताची असतात.

कुठलं घ्यायचं, ते नाव घेऊन सांगतो. शिमानोचं टेकोटा ५०० किंवा ६००, डाइवाचं सीलाइन एसजी लाइन काउंटर, ओकुमाचं कोल्ड वॉटर किंवा कन्व्हेक्टर. सेंट क्लेअरवरच्या होड्यांवर मला हीच जास्त दिसली. बजेट तंग असेल तर ओकुमा घ्या, शंभर डॉलरच्या आसपास काम होतं. टेकोटाला त्याच्या दुपटीहून अधिक पडतात, पण वीस वर्षं वापरणार असाल तर ते पैसे वसूल आहेत. भाच्याला मी दोन टेकोटा घ्यायला लावले. तिसऱ्या दोरीला ते जुनं आबू, त्यावर काउंटर नाही, म्हणून त्याच्या दोरीवर दर दहा फुटांवर मार्करने खूण केली आहे.

जुनं घेत असाल तर रीळ कानाला लावून हँडल सावकाश फिरवा. गिअर घासले असतील तर वाळू चावल्यासारखा आवाज येतो. आधीच्या मालकाने ड्रॅग सैल करून ठेवला नसेल, म्हणजे वर्षानुवर्षं आवळूनच ठेवला असेल, तर आतल्या चकत्या चिकटलेल्या असतात. स्पूल हाताने ओढून बघा, पहिला धक्का कळतो. अशा चकत्या बदलल्या की काम होतं, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

रीळ घेतलं की तीन छोट्या गोष्टी लगेच करा. ड्रॅगच्या कार्बन चकत्यांना ड्रॅगचंच खास ग्रीस, बोटाने अगदी पातळ लावा, साधं ग्रीस नको. रॉडवरची रीळ धरणारी चाप दोनदा आवळा. आणि प्रत्येक रिळाला नायलॉनची दोरी बांधून ती होडीला अडकवा, मस्कीने होल्डरसकट रॉड नेल्याच्या हकिकती तिथल्या घाटावर रोज ऐकू येतात.

रीळ दमदार असण्याचं अजून एक कारण आहे. तिकडचे बहुतेक लोक मस्की सोडून देतात, भाचाही. आमच्या घरात मासा ताटात आला तरच आनंद, म्हणून मला आधी ते चमत्कारिक वाटलं होतं. पण ज्या दिवशी एवढा म्हातारा जीव जाळीत थकून पडलेला पाहिला त्या दिवशी समजलं. कमकुवत रिळाने पंधरा मिनिटं दमवलेला मासा सोडला तरी जगत नाही, विशेषतः पाणी गरम असताना. पाणी २७ अंशांच्या वर गेलं की भाचा जातच नाही. मोठी जाळी, लांब पक्कड, गळ कापायची कात्री जवळ ठेवा आणि मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा.

मोसम संपला की दोरी गोड्या पाण्यात धुऊन वाळवा, लेव्हल वाइंडच्या स्क्रूला तेलाचा एक थेंब द्या आणि ड्रॅगचं चाक पूर्ण सैल करून मगच रीळ कपाटात ठेवा. भाचा विसरतो. या दिवाळीला येताना दोन्ही टेकोटा सामानात घालून आण म्हणून सांगितलं आहे, गॅलरीत टेबल रिकामं करून ठेवलंय.